पगारपत्रकातील दोनशे रुपये

आजारपणात आपण औषधांची बिले जपून ठेवतो. पण ज्या पगारातून ती भागतात, त्या पगाराचे पत्रक सहसा कोणी वाचत नाही. हाती किती आले, एवढेच पाहिले जाते. मग ‘इतके कापले कशाला?’ ही रुखरुख घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात राहते, आणि आपल्या औषधपाण्यामुळेच मुलांची ओढाताण होते असे त्यांना वाटू लागते. म्हणून या वेळी पथ्याऐवजी पगारपत्रक पाहू.

कपातीच्या सर्व रकमा एका जातीच्या नसतात. भविष्य निर्वाह निधीत जाणारे १२ टक्के ही आपलीच साठवण असते. मालकही त्यात आपला वाटा घालतो. कर्मचारी राज्य विमा योजना जेथे लागू आहे, तेथे २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्याचे ०.७५ टक्के कापले जातात व मालक ३.२५ टक्के भरतो. त्या बदल्यात कर्मचाऱ्याला, तसेच नियमांनुसार त्याच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही, वैद्यकीय उपचार मिळतात. मुलाच्या किंवा मुलीच्या पत्रकात ही ओळ असेल, तर आपली नावे नोंदविली आहेत का, हे अवश्य विचारा.

तिसरी ओळ व्यवसाय कराची. दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. दरमहा १०,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्याला तो पूर्ण भरावा लागत नाही. स्त्रियांना २५,००० पर्यंत तो माफ आहे.

हे पैसे जातात कोठे? १९७२ चा दुष्काळ आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्या दुष्काळाच्या अनुभवातून, मागेल त्याला काम देण्याची रोजगार हमी महाराष्ट्रात रुजली, आणि तिच्या खर्चासाठी १९७५ पासून व्यवसाय कर सुरू झाला. नोकरदाराच्या पगारातून थोडे घ्यावे आणि ज्याच्या हाताला काम नाही त्याला मजुरी द्यावी, असा तो विचार होता. १९९० च्या सुमारास या योजनेला फळबाग लागवड जोडली गेली. रत्नागिरी जिल्ह्यातील वरकस जमिनींवर आंबा-काजूच्या ज्या बागा त्यानंतर उभ्या राहिल्या, त्यांतील कित्येक याच योजनेतील आहेत. ज्या घरातून दोनशे रुपये गेले, त्याच घराच्या गावाकडील कलमांना त्यांचे पाणी मिळाले असेल! कर म्हणजे कोणीतरी हिरावून घेतलेले धन नव्हे. ती आपण ओळखत नसलेल्या माणसालाही दिलेली आपली वर्गणी आहे. तिचा विनियोग नीट होतो की नाही, हे विचारण्याचा अधिकारही त्यामुळेच आपल्याला मिळतो.

परंतु देणे जसे कर्तव्य, तसे जे देणे लागत नाही ते न देणे हाही हक्क आहे. वयाची ६५ वर्षे पूर्ण झालेल्यांना व्यवसाय कर माफ आहे. निवृत्तीनंतर पतसंस्थेत किंवा दुकानात हिशेब लिहिणाऱ्या ज्येष्ठांनी आपले पत्रक एकदा तपासावे. बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीचे पालक आणि कायद्यात सांगितलेले शारीरिक अपंगत्व असलेल्या मुलाचे पालक यांनाही सूट आहे. त्यासाठी शासकीय रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते. रात्रंदिवस शुश्रूषा करणाऱ्या कित्येक माता-पित्यांना ही गोष्ट माहीतच नसते. मालकाकडे लेखी अर्ज करावा, सोबत वयाचा दाखला किंवा प्रमाणपत्र जोडावे आणि अर्जाची पोच घ्यावी. दोनशे रुपये ही रक्कम लहान दिसेल. पण रक्तदाबाच्या महिन्याच्या गोळ्यांना तिचा हातभार लागतो.

या पंधरवड्यात एका संध्याकाळी मुला-नातवंडांना जवळ बसवून पगारपत्रक मोठ्याने वाचावे. जी ओळ समजली नाही, तिच्यापुढे खूण करावी आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात विचारावे. घरातील पैशांविषयी मोकळेपणाने बोलले गेले, की वृद्धांच्या मनावरील मोठे ओझे उतरते. आणि शांत झोपेसाठी त्याचीही गरज असते.