शंभर रात्रींच्या पाहुण्याचा हक्क

हॉटेलांच्या लॉयल्टी योजनांवर जी टीका होते, तिच्यातल्या बऱ्याचशा भागाशी मी सहमत आहे. पॉइंटांचे मोल कंपनी मनाला येईल तेव्हा कमी करते. अपग्रेड म्हणून मिळणारी खोली पुष्कळदा दोन मजले वर असते, एवढेच. सिल्व्हर-गोल्ड-प्लॅटिनमची उतरंड चढण्यासाठी माणसे डिसेंबरमध्ये गरज नसताना खोल्या घेतात. यावर टीकाकारांनी खुशाल तुटून पडावे. पण या सरसकट झोडपण्यात एक सोय उगाच भरडली जाते आहे. वर्षातल्या शंभरेक रात्री हॉटेलात काढणाऱ्या पाहुण्याला कंपनी एक माणूस नेमून देते. त्या माणसाचे नाव पाहुण्याला ठाऊक असते, पाहुण्याच्या सवयी त्याला ठाऊक असतात. मॅरियट त्याला अ‍ॅम्बेसेडर म्हणते, हयातकडे त्याचे नाव माय हयात कॉन्सिअर्ज. माझ्या मते अख्ख्या योजनेत खऱ्या कामाची सोय ही एकच आहे. ती टिकली पाहिजे, तिला अधिकार मिळाले पाहिजेत, आणि आज तिच्यावर बसवलेली पैशांची अट निघाली पाहिजे.

आधी थोडा इतिहास. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ साली प्रवाशांच्या मैलांचा हिशेब ठेवायला सुरुवात केली आणि १९८३ साली हॉलिडे इन व मॅरियट यांनी तोच मार्ग धरला. पुढची तीसेक वर्षे हॉटेलांनी पाहुण्याला जे दिले ते बहुतेक मोजता येण्याजोगे होते: पॉइंट, फुकट रात्र, लाउंजमधला नाश्ता. २०१२ साली स्टारवूड या कंपनीने वर्षाला शंभर रात्री राहणाऱ्यांना नेमून दिलेला अ‍ॅम्बेसेडर देऊ केला, तेव्हा पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या प्रमाणावर मोजता न येणारी गोष्ट देण्यात आली. २०१६ मध्ये मॅरियटने स्टारवूड विकत घेतली, २०१८ मध्ये दोन्हींच्या योजना एक झाल्या, २०१९ मध्ये त्यांना बॉनव्हॉय हे नाव मिळाले. अ‍ॅम्बेसेडर राहिला, पण विलीनीकरणात त्याच्या दाराशी एक नवी अट येऊन बसली. शंभर रात्री तर हव्यातच, वर वर्षाला २०,००० डॉलरचा खर्चही हवा. आज तो आकडा २३,००० आहे. या अटीकडे मी पुन्हा येणार आहे, कारण माझे भांडण मुख्यतः तिच्याशी आहे.

पहिला आक्षेप नेहमीचा: ही श्रीमंतांची चैन आहे. आक्षेप घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मालदीवच्या पाण्यावरच्या बंगल्यात उतरलेले कुटुंब असते. ते कुटुंब वर्षात आठ-दहा रात्री हॉटेलात काढते. शंभर रात्री काढणारा माणूस वेगळाच असतो. तो सोमवारी पहाटे घर सोडतो आणि गुरुवारी रात्री परततो. अमेरिकेतल्या आडगावच्या क्लायंटकडे महिनोन्महिने बसलेला हिंजवडीचा सॉफ्टवेअरवाला, कारखान्याकारखान्यांतून हिंडणारी ऑडिटर, यंत्रे बसवून देणारा इंजिनिअर, औषध कंपनीचा विभागप्रमुख. त्याला संध्याकाळी खोलीचे दार उघडल्यावर गाव कोणते हे क्षणभर आठवावे लागते. मुलाच्या शाळेतले स्नेहसंमेलन तो मोबाइलवर पाहतो. अशा माणसाला एखादे गाव सोडले की दुसऱ्या गावी सगळे पहिल्यापासून सांगत बसावे लागते: लिफ्टजवळची खोली नको, पिसांची उशी नको, सकाळी सहाला निघायचे आहे तेव्हा नाश्ता बांधून द्या, आणि शाकाहारी म्हणजे मासेसुद्धा नाही. हे एकदा सांगून संपावे, एवढीच त्याची मागणी असते. तिला चैन म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

मुंबईचेच उदाहरण घ्या. परदेशातून येणारी बरीच विमाने इथे मध्यरात्रीनंतर उतरतात. सामान, टॅक्सी धरून पाहुणा पहाटे चारला हॉटेलात पोचतो आणि चेक-इनची वेळ असते दुपारी तीनची. म्हणजे एक तर आदल्या रात्रीचे पूर्ण भाडे भरा, नाहीतर लॉबीतल्या सोफ्यावर बसून दिवस उजाडायची वाट पाहा. बॉनव्हॉयच्या अ‍ॅम्बेसेडर श्रेणीत युअर२४ नावाची सोय आहे: आधी कळवले, तर आपले चोवीस तास कधी सुरू व्हायचे ते पाहुणा सुचवू शकतो. पण ती मिळते 'उपलब्धतेनुसार'. या एका शब्दात सगळी ग्यानबाची मेख आहे. अ‍ॅपवर विनंती टाकली की ती हॉटेलच्या फ्रंट ऑफिसमधल्या कुणाच्या तरी पडद्यावर इतर चाळीस विनंत्यांबरोबर पडून राहते. तीच विनंती घेऊन नेमलेला माणूस रिझर्व्हेशनवाल्याला फोन करतो, आदल्या रात्री रिकाम्या राहणाऱ्या खोल्या विचारतो, एक अडवून ठेवायला लावतो आणि पाहुण्याला तसे कळवतो. नियम दोघांसाठी एकच होता. फरक पडला तो पाठपुरावा करणाऱ्या माणसामुळे.

इथेच दुसऱ्या आक्षेपाचेही उत्तर आहे. तो आक्षेप नव्या पिढीचा: अ‍ॅप आहे, चॅटबॉट आहे, खोलीची किल्लीसुद्धा फोनमध्ये आली, आता माणूस कशाला? अ‍ॅपबद्दल माझी तक्रार नाही. बिल हवे, उशी हवी, टॅक्सी हवी, तर यंत्राला सांगणेच बरे. त्यासाठी जिवंत माणसाला फोनवर अडकवून ठेवू नये. पण हॉटेलातली खरी अडचण यादीत नसते. हॉटेले काही खोल्या रद्द होतील असे धरून जास्त बुकिंग घेतात, हे धंद्यात सर्वांना ठाऊक आहे. एखाद्या रात्री कुणीच रद्द करत नाही. मग रात्री अकराला आलेल्या पाहुण्याला दुसऱ्या हॉटेलात पाठवावे लागते. कुणाला पाठवायचे हे ड्यूटी मॅनेजर ठरवतो, आणि ते ठरवताना त्या पाहुण्यासाठी बोलणारे कुणी आहे का, याला महत्त्व येते. उद्या सकाळी याची कामगार आयुक्तांपुढे सुनावणी आहे किंवा हिच्या वडिलांचे समोरच्याच इस्पितळात ऑपरेशन आहे, हे सांगणारे कुणी हवे. खोल्यांची कोष्टके हे सांगत नाहीत.

तिसऱ्या आक्षेपात दम आहे, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबतो. टीकाकार म्हणतात, भाडे भरते कंपनी आणि सुखसोयी मिळतात नोकराला. मग नोकर मुद्दाम महागडे हॉटेल निवडणार नाही का? निवडतो. मी हे नाकारत नाही. पण त्याला तिकडे कोण ढकलते? शंभर रात्रींची अट त्याला महागडे हॉटेल घ्यायला सांगत नाही. रात्र दीडशे डॉलरच्या खोलीत घालवा की साडेतीनशेच्या, मोजली एकच जाते. ढकलते ती खर्चाची अट. २३,००० डॉलरला शंभराने भागले की रात्रीला २३० डॉलर येतात. आजच्या दराने सुमारे वीस हजार रुपये. आता पुणे-नागपूर-इंदूर असा फिरणारा एक पाहुणा धरा. खोली आणि जेवण मिळून रात्रीचे नऊ हजारांचे बिल, वर्षाला दीडशे रात्री. त्याचा खर्च साडेतेरा लाख होतो, आणि दार उघडते वीस लाखांच्या आसपास. वर्षातले पाच महिने घराबाहेर काढलेला हा माणूस बाहेर राहतो. भरीस भर म्हणजे योजनेच्या नियमांनुसार एका सदस्याने बिल भरलेल्या तीन खोल्यांपर्यंतच्या रात्री त्याच्या खात्यावर जमा होऊ शकतात. म्हणजे तीन खोल्या घेणारा पस्तिसाव्या रात्रीच्या आत शंभरी गाठू शकतो. रात्रींची गणना खरोखर रात्रींची असावी, असे मला वाटते ते यामुळेच.

टीकाकारांनी दाखवलेला रोग खरा आहे. तो जडला आहे पैशांच्या अटीमुळे, आणि ते कापायला निघाले आहेत माणूस देण्याच्या सोयीला. रात्रीचे भाडे कंपनीने भरले असेल. ती रात्र मात्र त्या माणसाची स्वतःची गेली.

कुणी म्हणेल, खर्चाची अट काढली तर गर्दी होईल आणि धंदा परवडणार नाही. हयातकडे पाहावे. तिथे कॉन्सिअर्ज नेमून देणारी ग्लोबलिस्ट ही वरची श्रेणी मिळवायला साठ रात्री पुरतात, किंवा तेवढ्या रात्री नसतील तर १ लाख बेस पॉइंट, म्हणजे सुमारे २०,००० डॉलरचा खर्च. 'आणि' नाही, 'किंवा'. हयात मॅरियटहून कितीतरी लहान आहे, तरी ती हे करते.

चौथा आक्षेप माझ्या मित्रांकडून येतो, डाव्या बाजूच्या मित्रांकडून, आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो: एका माणसाने दुसऱ्याची अशी बडदास्त ठेवणे हीच मुळात लाचारी नाही का? ज्यांनी जुन्या मोठ्या हॉटेलांच्या लॉबीत कोटाच्या कॉलरवर सोन्याच्या दोन आडव्या किल्ल्यांची खूण लावलेला कॉन्सिअर्ज पाहिला आहे, त्यांना हा आक्षेप पटणार नाही. ती खूण ले क्ले द'ओर या संघटनेची. पॅरिसमध्ये १९२९ साली या व्यवसायातल्या माणसांनी एकत्र येऊन ती उभी केली. आज तिच्या शाखा भारतासह अनेक देशांत आहेत. शहर पाठ असणे, चार माणसे ओळखीची असणे, अवेळी दार उघडून घेता येणे, हे कसब आहे आणि ते त्यांनी अभिमानाने मिरवले आहे.

आणि मुंबईकरांना हे वेगळे सांगायला नको. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ताजमधल्या कर्मचाऱ्यांनी आपला जीव धोक्यात घालून पाहुण्यांना बाहेर काढले. काहींनी प्राण गमावले. ती माणसे तशी का वागली, याचा शोध रोहित देशपांडे आणि अंजली रैना यांनी हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूच्या डिसेंबर २०११ च्या अंकात घेतला. ताज मुंबईऐवजी पुण्यासारख्या शहरांतून मुले निवडते, त्यांना दीड वर्ष शिकवते, आणि शिकवण्यात भर असतो तो कंपनीऐवजी पाहुण्याच्या बाजूने उभे राहण्यावर, असे त्यांना आढळले. पाहुण्याच्या बाजूने उभे राहण्याची मुभा असलेला नोकर लाचार नसतो. ज्याला चुकीच्या बिलासाठी 'सिस्टीममध्ये असेच आहे' एवढेच म्हणायची परवानगी आहे, त्याची स्थिती मला जास्त केविलवाणी वाटते.

खासगीपणाचा आक्षेप थोडक्यात निकालात काढता येत नाही, पण तो या सोयीवर ढकलणे चूक आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये उघडकीस आले की स्टारवूडच्या आरक्षणांच्या साठ्यात २०१४ पासून घुसखोरी चालू होती. पन्नास लाखांहून अधिक पासपोर्ट क्रमांक सांकेतिक संरक्षणाविना पडून होते. ब्रिटनच्या माहिती आयुक्तालयाने २०२० मध्ये मॅरियटला १ कोटी ८४ लाख पौंडांचा दंड केला. त्या कोट्यवधी पाहुण्यांतल्या बहुतेकांना कधी अ‍ॅम्बेसेडर मिळाला नव्हता. माहिती साठवली होती कंपनीने, सर्वांचीच. माझ्याविषयी काय लिहून ठेवले आहे ते मला दाखवा आणि म्हणेन ते खोडा, ही मागणी प्रत्येक पाहुण्याने करावी. आपल्याकडच्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने या हक्काला मान्यता दिली आहे.

मग ही सोय आज जशी आहे तशी उत्तम चालली आहे का? मुळीच नाही, आणि समर्थकांनी हे लपवू नये. मॅरियटच्या पाट्यांखाली जगभर नऊ हजारांहून जास्त हॉटेले आहेत, त्यांतली तिच्या स्वतःच्या मालकीची अगदी थोडी. मुंबईत सहारचे जेडब्ल्यू मॅरियट शॅले हॉटेल्सचे आहे. पाटी एकाची, इमारत दुसऱ्याची. दूर कुठल्यातरी कचेरीत बसलेला अ‍ॅम्बेसेडर इथल्या ड्यूटी मॅनेजरला विनंती करू शकतो. हुकूम देऊ शकत नाही. शेकडो पाहुण्यांचा भार असलेल्या अ‍ॅम्बेसेडरचे उत्तर तीन दिवसांनी आले, तोवर मुक्काम संपला, असा अनुभव एका साखळीत मीही घेतला आहे. त्यात त्या व्यक्तीचा दोष मला दिसला नाही. तिच्या हाती ना वेळ होता ना पैसा.

हातात पैसा दिला की काय होते, हे रिट्झ-कार्ल्टनने दाखवून ठेवले आहे. पाहुण्याची अडचण दूर करण्यासाठी वरिष्ठांना न विचारता २,००० डॉलरपर्यंत खर्च करण्याचा अधिकार तिथे साध्या कर्मचाऱ्यालाही असतो. आज ही साखळी मॅरियटच्याच छत्राखाली आहे. जो विश्वास खोली आवरणाऱ्यावर टाकता येतो तो अ‍ॅम्बेसेडरवर का टाकता येत नाही, याचे उत्तर कंपनीने द्यायला हवे. त्याने चूक भरून काढण्यासाठी एक रक्कम मंजूर केली, तर इमारतीचा मालक कुणी का असेना, ती पाहुण्याला मिळावी आणि मालकाशी हिशेब कंपनीने मागाहून करावा. एका अ‍ॅम्बेसेडरकडे किती पाहुणे आहेत, तो आकडा पाहुण्याला कळावा. लॉबीतल्या कॉन्सिअर्जची जागा या दूरच्या माणसाच्या नावाखाली रद्द होऊ नये, कारण एकाचे काम शहराचे आहे आणि दुसऱ्याचे माणसाचे. आणि २३,००० डॉलरचा आकडा नियमांतून खोडला जावा. श्रेणी असलेल्या पाहुण्यांकडे मुक्काम संपल्यावर कंपनीची प्रश्नावली येते. गादी कशी होती आणि नाश्ता कसा होता हे लिहून झाल्यावर खाली मोकळी जागा असते. तिथे या चार मागण्या लिहाव्यात, आणि प्रत्येक मुक्कामानंतर लिहाव्यात.