कर्जदाराची खुर्ची कुठे आहे?

गेल्या हिवाळ्यात जालना जिल्ह्यातल्या एका गावी आर्थिक साक्षरतेच्या शिबिराला गेलो होतो. ग्रामपंचायतीच्या सभागृहात सतरंजी, भिंतीला फ्लेक्स, समोर तीसेक बायका. त्यांतल्या निम्म्या मोहल्ल्यातल्या. आलेल्या तरुणाने मन लावून माहिती दिली. बचत खाते कसे उघडायचे, वर्षाला 20 रुपयांत अपघात विमा आणि 436 रुपयांत जीवन विमा कसा मिळतो, ओटीपी कुणाला का सांगू नये. शेवटी त्याने "काही शंका?" असे विचारले, तेव्हा मागच्या रांगेतली एक आपा उभी राहिली. म्हणाली, "साब, बचत करना मालूम है. चार किस्तां कैसे भरना, वो बताओ."

तरुण गडबडला. "तो आजचा विषय नाही" म्हणाला. चहा आला, सह्या झाल्या, फोटो निघाला. आपा घरी गेली.

दोष त्या पोराचा नव्हता. त्याला नेमून दिलेला विषयच तेवढा होता. तेव्हापासून मी एकच प्रश्न घेऊन फिरतोय. हा विषय नेमून देते कोण? आणि त्यासाठी येणारा पैसा कुणाचा?

पैशाचे आधी बघू. रंगराजन समितीच्या शिफारशीनंतर नाबार्डकडे 'वित्तीय समावेशन निधी' उभा राहिला. साक्षरता शिबिरांना त्यातून मदत मिळते. या निधीत पैसा कुठून येतो, हे समजून घेण्यासारखे आहे. बँकांनी शेतीला आणि दुर्बल घटकांना ठरावीक वाटा कर्ज म्हणून द्यायचा असतो. जी बँक कमी पडते, तिला तुटीची रक्कम नाबार्डकडे ठेवावी लागते. तूट जितकी मोठी, तितके त्या ठेवीवर व्याज कमी. त्या व्याजातल्या फरकाचा अर्ध्या टक्क्यावरचा भाग या निधीत जमा होतो. म्हणजे जे कर्ज शेतकऱ्याला मिळायला हवे होते आणि मिळाले नाही, त्या न मिळण्यातून हा पैसा आला.

दुसरा निधी रिझर्व्ह बँकेचा. 2014 सालचा 'ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधी'. दहा वर्षे कुणी हात न लावलेल्या खात्यांतली रक्कम त्यात जाते. आजोबा वारले, पासबुक पेटीत राहिले, वारसांना पत्ताच नाही, असा तो पैसा. (वारसाला तो आजही मागता येतो. रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' पोर्टलवर नाव टाकून शोधता येते. घरातल्या जुन्या पेट्या एकदा उघडून बघाच.) ठेवीदारांच्या शिक्षणासाठी संस्थांना अनुदान देण्याची सोय याच निधीत आहे.

दोन्ही निधी बघितले, तर मालक कोण हे सांगायला नको. पण खर्चाची दिशा ठरते कुठे? पहिल्यासाठी केंद्र सरकारने नेमलेले सल्लागार मंडळ आहे. दुसऱ्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या डेप्युटी गव्हर्नरांच्या अध्यक्षतेखालची समिती आहे. मोठी, अभ्यासू माणसे. तज्ज्ञांवर माझा राग नाही. ताप आला की आपण डॉक्टरकडेच जातो. पण दुखते कुठे, हे रुग्णालाच सांगावे लागते. इथे रुग्णाला तपासणीच्या खोलीतच बोलावलेले नाही.

आणि एकेकाळी हे सरकारदरबारी कळत होते. शेतकरी आत्महत्यांनी देश हादरला असताना प्रा. एस. एस. जोहल यांच्या कार्यगटाने 2006 साली अडचणीतल्या शेतकऱ्यांना समुपदेशन द्या, असे सांगितले. 2009 मध्ये रिझर्व्ह बँकेने जिल्ह्यांसाठी आदर्श योजना आणली. नाव होते 'आर्थिक साक्षरता आणि कर्ज समुपदेशन केंद्र'. त्यात एक फार शहाणी अट होती. केंद्र चालवायला बँकेने न्यास किंवा संस्था काढली, तर तिच्या मंडळावर स्थानिक प्रतिष्ठित नागरिक घ्यावेत, नोकरीत असलेले बँक अधिकारी मात्र नसावेत. कारण उघड आहे. कर्ज देणाराच कर्जदाराचा सल्लागार झाला, तर सल्ला कुणाच्या बाजूचा असेल?

2012 मध्ये नव्या मार्गदर्शक सूचना आल्या. नाव उरले 'आर्थिक साक्षरता केंद्र'. 'कर्ज समुपदेशन' हे दोन शब्द गळून पडले. भर शिबिरांवर आला. पुढे 2017 पासून स्वयंसेवी संस्थांमार्फत नवी केंद्रे आली, साधारण तीन तालुक्यांना एक. या हिशेबाने आपल्या आठ तालुक्यांना जेमतेम तीन.

शब्द गळला म्हणून एवढे काय, असे कुणी विचारेल. साक्षरता म्हणजे तीस जणींना एक भाषण. समुपदेशन म्हणजे एका घराचे सगळे कागद सतरंजीवर पसरून दोन तास बसणे. शिबिरे मोजता येतात, सह्या मोजता येतात. एका घराचे मोडलेले गणित पुन्हा जुळले, हे मोजायला अवघड. म्हणून त्याला पैसा मिळणेही अवघड.

त्या आपाला कुणी दोन तास दिले असते, तर काय सांगता आले असते? रिझर्व्ह बँकेचे एप्रिल 2022 पासूनचे मायक्रोफायनान्सचे नियम सांगता आले असते. घराचे वर्षाचे उत्पन्न 3 लाखांपर्यंत असेल, तर सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होतील असे कर्ज देता येत नाही. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करता येत नाही. धमकी, शिवीगाळ चालत नाही. मुदतीआधी कर्ज फेडले तर दंड नाही. चार किस्तां डोक्यावर असलेल्या बाईसाठी ही माहिती विम्याच्या पत्रकाइतकीच, किंबहुना जास्त मोलाची आहे. मंडळावर अशी एक जरी बाई असती, तर हा विषय यादीत पहिला आला असता.

"सामान्य माणसाला यातले काय कळते?" हा आक्षेप मला पाठ आहे. त्याला उत्तर जालना तालुक्यातच आहे. कडवंचीला जाऊन बघा. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने तिथे काम केले. तज्ज्ञ होतेच, पण गावाची पाणलोट समितीही होती. बांध कुठे घालायचा, हे शिवार तुडवलेल्या माणसांना विचारून ठरले. आज त्या गावची द्राक्षे बोलतात. पाण्याच्या अनुदानात जे जमले, ते कर्जाच्या सल्ल्यात का जमू नये? ओळखीच्यांनाच पैसा वाटला जाईल, ही भीती खोटी नाही. त्यावर उपाय आहेत. दोन वर्षांची मुदत ठेवा, नातेसंबंध आधी जाहीर करायला लावा, आपल्या माणसाचा अर्ज आला की त्याने बाहेर बसावे. हाच नियम तज्ज्ञांनाही लावा.

आता थोडे आपल्या घरात. सूरह बकरामध्ये अडचणीतल्या कर्जदाराला मुदत देण्याची शिकवण आहे, देणेघेणे लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. जकातीच्या आठ हकदारांत कर्जात बुडालेला माणूस आहे. पण आपल्या किती जमातींच्या कमिट्यांनी रमजानमध्ये मोहल्ल्यातल्या मायक्रोफायनान्सच्या हप्त्यांची यादी केली? व्याज हराम म्हणून बँकेच्या दारात न जाणाऱ्या घरातली बाई गटाच्या कर्जावर बँकेपेक्षा जास्त व्याज भरते, आणि नवऱ्याला सांगायला घाबरते. जकात कुणाला द्यायची, हे ठरवणाऱ्या बैठकीत ती बसते का? मुंबईतल्या मंडळाला जो प्रश्न विचारायचा, तो आधी आपल्या मशिदीच्या कमिटीला विचारावा लागेल. मी माझ्यापुरता विचारला. उत्तर अजून आलेले नाही.

मागणी साधी आहे. अनुदानाची दिशा ठरवणाऱ्या प्रत्येक मंडळावर कर्ज भोगलेल्यांना जागा द्या. शक्यतो दोन, म्हणजे एकीला एकटे वाटणार नाही. त्यांच्या बुडालेल्या मजुरीचा भत्ता द्या. बैठक मराठीत घ्या. आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बँकांची जी सल्लागार समिती भरते, तिच्यापुढे दर तिमाहीला एक कागद ठेवा. शिबिरांत लोकांनी काय विचारले, आणि कशाला उत्तर मिळाले नाही.

त्या कागदावर पहिली ओळ कुठली असेल, हे मला माहीत आहे. मी ती कानांनी ऐकली आहे.