पाठीचा बाक वेळीच पाहावा

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातील एखाद्या मुलीच्या पाठीचा कणा एका बाजूस झुकू लागला, तर बरगड्यांचा उंचवटा कपड्याआड लपेनासा होईपर्यंत आणि चढणीवर दम लागू लागेपर्यंत घरात त्याची वाच्यता सहसा होत नाही. झालीच तर दैवाला बोल लावला जातो, किंवा पुढे लग्न कसे जमेल या धास्तीने ती गोष्ट झाकून ठेवली जाते. या विकारात आरंभी वेदना बहुधा नसतात, म्हणूनच तो फसवा आहे.

शस्त्रक्रियेविषयीची जुनी भीती मात्र आता तितकीशी सार्थ उरलेली नाही. 1962 साली पॉल हॅरिंग्टन या अमेरिकी शल्यविशारदाने पोलादी दांडीची आपली पद्धत प्रसिद्ध केली, त्या काळात रुग्णाला शस्त्रक्रियेनंतर महिनोन्महिने प्लास्टरमध्ये राहावे लागे. आज मणक्यामणक्यात स्क्रू बसवून, त्यांना दोन दांड्या जोडून बाक हळूहळू सोडवला जातो आणि मणके परस्परांशी सांधले जावेत म्हणून त्यांवर हाडाचा चुरा पसरला जातो. पाय लुळे पडतील हे भय कोणाही आईबापांना वाटेल. पूर्वी तर ऐन शस्त्रक्रियेत भूल हलकी करून, ‘बाळ, पायाची बोटे हलव’ असे रुग्णाला सांगत, आणि बोटे हलली की मगच पुढचे काम करीत. आता मेंदू आणि पाय यांच्यामधील विद्युत्संदेशांवर यंत्राचा अखंड पहारा असतो. धोका नाहीसा झालेला नाही, पण तो पुष्कळ आटोक्यात आला आहे.

तथापि पन्नास अंशांचा लवचीक बाक आणि शंभर अंशांचा ताठरलेला बाक यांच्या शस्त्रक्रियांत महदंतर आहे. दुसऱ्या प्रकारात फुप्फुसे आधीच आकुंचित झालेली असतात आणि कित्येकदा डोक्याला कडे बसवून कण्याला काही आठवडे ताण द्यावा लागतो. उलट, वाढ चालू असतानाच वीस ते चाळीस अंशांचा बाक सापडला, तर नुसत्या पट्ट्यानेही पुष्कळ मुलांची शस्त्रक्रिया टळते, हे अमेरिका-कॅनडातील 2013 च्या अभ्यासाने दाखवले आहे.

तो सापडावा कसा? मुलीने हात जोडून, गुडघे न वाकवता पुढे वाकावे आणि मागे उभ्या परिचारिकेने पाठीची एक बाजू दुसरीहून वर उचललेली दिसते का, एवढेच न्याहाळावे. अर्ध्या मिनिटाचे काम. 2013 साली पालघर येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळाशाळांत जातात, परंतु त्यांच्या विकारांच्या यादीत या बाकाला स्वतंत्र स्थान नाही. सरसकट तपासणीमुळे निरोगी मुलांचीही निष्कारण क्ष-किरण चित्रे निघतील, हा काही तज्ज्ञांचा आक्षेप खोटा नव्हे. पण जेथे अस्थिरोगतज्ज्ञ घाटापलीकडे बसतो, त्या मुलखात उशिराची किंमत याहून फार मोठी आहे.

आदिवासी विकास आयुक्तालय आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ ही दोन्ही दप्तरे नाशकातच आहेत. विद्यापीठाने आश्रमशाळांच्या अधीक्षिकांना आणि परिचारिकांना ही तपासणी शिकवण्याची तजवीज करावी, आणि आयुक्तालयाने पाचवी ते नववीच्या आरोग्यनोंदीत पाठीचा एक रकाना घालण्याचा हुकूम येत्या शैक्षणिक वर्षापूर्वी काढावा, अशी माझी दोहोंना विनंती आहे.