सृष्टिनिरीक्षण : निरामिष आमिष

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसें प्रकरण उपस्थित झालें. त्याचा निकाल लावतांना जी माहिती हातीं आली, तीच या वेळीं वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. माझ्या धाकट्या पुतण्यानें गळाची काठी, रीळ आणि कृत्रिम आमिषांची एक पेटी घरबसल्या मागविली, आणि ती माजघरांत उघडून तो बसला. इतक्यांत आमच्या मातोश्री फुलांची परडी घेऊन तिकडून निघाल्या. पेटींतील रबरी बेडूक पाहून त्या जागच्या जागीं उभ्या राहिल्या.

पुतण्याचें म्हणणें असें कीं, आपण मासा धरणार आणि तत्क्षणीं सोडून देणार. मग घरांत मासा येण्याचा प्रश्नच कोठें उद्भवतो? मातोश्रींनीं एकच प्रश्न विचारला : “खायचा नाहीं, तर धरायचा कशाला?” चिरंजीवांस उत्तर सुचलें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर मलाही नाहीं. दोन्ही पक्षांनीं मला पंच नेमिलें. पंचानें निदान विषय तरी समजून घ्यावा, म्हणून मी पेटी माझ्या खोलींत नेली.

‘आमिष’ या संस्कृत शब्दाचा अर्थ मांस. गळास लावावयाच्या खाद्यासही तोच शब्द, आणि कोणत्याही प्रलोभनासही तोच. उलटपक्षीं ‘निरामिष’ म्हणजे आपल्या घरचें जेवण. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधांत अवधूतानें जे चोवीस गुरु सांगितले, त्यांत मासाही आहे. जिभेच्या लोभानें प्राणी प्राणास कसा मुकतो, हें तो शिकवितो. एकनाथांच्या भागवतामुळें हा दृष्टांत आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु पुतण्याच्या पेटींतील बहुतेक वस्तूंस ना वास होता ना चव. मग मासा फसतो तो कशानें?

माशाच्या दोन्ही कुशींवर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेषा दिसते. ती नुसती नक्षी नव्हे. पाण्याची सूक्ष्म हालचाल जाणणारें तें एक इंद्रिय आहे. गढूळ पाण्यांत किंवा अंधारांत डोळ्यांचा उपयोग होत नाहीं, तेव्हां शेजारून कोण गेलें, केवढें गेलें आणि कसें गेलें, हें मासा या रेषेच्या साह्यानें ओळखतो. धडधाकट मासोळी एका रीतीनें पाणी हलविते. जखमी मासोळी तोल जाऊन लटपटते व निराळ्या रीतीनें हलविते. शिकारी माशास दुसरीच हवी असते, कारण ती थोडक्या श्रमांत मिळते.

हें रहस्य ज्यांनीं ओळखिलें, त्यांपैकीं फिनलंडमधील लाउरी रापाला याची हकीकत मनोरंजक आहे. हा गरीब कोळी. मासोळ्यांच्या थव्यांतून मोठे मासे नेमकी वेडीवांकडी पोहणारीच टिपतात, हें त्यानें होडींतून न्याहाळलें. १९३६ मध्यें त्यानें बुचाची एक मासोळी कोरली, खाऊच्या वेष्टणाचा चंदेरी कागद तिला चिकटविला, आणि छायाचित्रांच्या जुन्या फिल्मा वितळवून त्याचा लेप वर दिला. ओढली कीं ती लटपटे. त्याच्याही आधीं अमेरिकेंतील व्हरमाँट प्रांतांत ज्यूलिओ ब्यूएल नांवाच्या गृहस्थाच्या हातून जेवणाचा चमचा तळ्यांत पडला, व तो गिरक्या घेत बुडत असतां माशानें त्यावर झडप घातली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, १८५२ मध्यें त्यानें चमच्यासारख्या आमिषाचें पेटंट घेतलें, हें मात्र खरें. असाच एक चमचा पुतण्याच्या पेटींत होता. त्यास दांडा तेवढा नव्हता.

आतां निवडीचे नियम. पाणी निवळशंख असेल, तर आमिष लहान, चंदेरी आणि तेथील मासोळ्यांच्या रूपाचें असावें. मासा तें नीट पाहतो, म्हणून सोंग बेमालूम हवें. पाणी गढूळ असेल, तर तें थोडें मोठें आणि पाणी जोरानें हलविणारें असावें. तेथें मासा डोळ्यांपेक्षां कुशीच्या रेषेवर विसंबतो. संध्याकाळीं काळें आमिष पसंत करितात, याचें प्रथम नवल वाटतें. पण मासा खालून वर पाहतो, आणि मावळत्या आकाशावर काळी आकृतीच ठळक उमटते. तांबड्या रंगाचा भरंवसा धरूं नये. पाण्यांत शिरतांना प्रकाशांतील तांबडा रंग सर्वांआधीं शोषिला जातो. त्यामुळें दुकानांत लालभडक दिसणारी वस्तु खोल पाण्यांत काळपट होते. पुष्कळ रंग हे माशापेक्षां गिऱ्हाइकालाच गळाला लावण्यासाठीं दिलेले असतात!

परंतु सर्वांत मोठा नियम हा कीं, आधीं माशाची खाद्यप्रकृति ओळखावी. आपल्याकडील तीन मासे घेऊं. शिंगाळ्यास लांब मिशा असतात. तो तळाशीं मिशांनीं चांचपीत व वासाचा माग काढीत फिरतो. त्याला चकाकीपेक्षां वासाचेंच आमिष अधिक मानवतें. मरळ तळ्यांतील वनस्पतींच्या जाळींत दबा धरून बसते, पृष्ठभागावर येऊन हवा घेते, आणि बेडूक हें तिचें आवडतें भक्ष्य. तिच्यासाठीं तो रबरी बेडूक. त्याचे गळ पाठीशीं लपलेले असतात, त्यामुळें ते शेवाळांत अडकत नाहींत. मरळीनें चावा घेऊन रबर दाबलें म्हणजे मगच ते बाहेर येतात.

तिसरा महसीर. आपल्या दक्षिणेंतील जातीचें शास्त्रीय वर्णन कर्नल साईक्स यानें १८३९ मध्यें प्रसिद्ध केलें, तें पुण्याच्या मुळामुठेंतील माशावरून. तिच्या शास्त्रीय नांवांत ‘खुद्री’ हा शब्द आजही आहे. महसीराच्या जबड्यांत दांतच नाहींत. ते घशांत आहेत, आणि इतके बळकट कीं गोगलगायी व खेकडे त्यांनीं चिरडले जातात. तो वेगाच्या पाण्यांत मासोळ्यांची शिकार करितो, म्हणून चमच्यावर झेंपावतो. पण तोच महसीर कांठच्या झाडांवरून पडलेलीं उंबरें खातो, शेवाळ खातो, धान्यही खातो. कावेरीकांठीं त्याच्यासाठीं नाचणीच्या पिठाचे गोळे वापरण्याची रीत प्रसिद्ध आहे. पीठ मळून गोळे उकडावयाचे, आणि पुन्हां चिवट होईपर्यंत मळावयाचे. नाहींतर ओढीच्या पाण्यांत ते विरघळून जातात. म्हणजे आमिषही निरामिष असूं शकतें! हें ऐकून मातोश्रींच्या कपाळावरील एक आंठी कमी झाली, आणि वहिनींनीं नाचणीचा डबा खालीं काढला.

येथें एक गोष्ट सांगणें मला प्राप्त आहे. ती मीं आजवर घरांत कोणासही सांगितली नव्हती. बारा वर्षांचा असतांना आजोळीं मामांच्या नकळत मीं एक जिवंत बेडूक गळास टोंचून तळ्यांत सोडला, आणि दोरी कांठच्या झुडपास बांधून झोंपावयास गेलों. सकाळीं पाहतों तों मरळ लागली नव्हती. बेडूक मात्र अजून पाय हलवीत होता. रात्रभर तो तसाच होता. त्याला गळांतून सोडवितांना माझे हात कांपत होते, आणि मीं घाईनें केलेल्या त्या सोडवणुकींतच तो मेला. मामांनीं विचारलें तेव्हां मीं खोटें बोललों.

पुतण्यास मीं ही हकीकत सांगितली, कारण त्याच्याही मनांत ‘खरा बेडूक अधिक चांगला’ असें येऊं लागलें होतें. आपल्या देशानें बेडकांच्या तंगड्यांची निर्यात १९८७ मध्यें बंद केली. शेतांतील किडे खाणारा हा प्राणी झपाट्यानें कमी होत होता. पण कायदा नसता तरी माझें मत हेंच राहिलें असतें.

पंचाचा निकाल असा झाला : जिवंत प्राणी गळास लावावयाचा नाहीं. गळ एकेरी असावा, आणि त्याचा उलटा कांटा चिमट्यानें चेपून टाकावा, म्हणजे तो सहज निघतो. मासा ओल्या हातानें धरावा व शक्य तों पाण्यांतच सोडवावा. वजनास शिसें वापरूं नये. तें गिळून हंस मरतात असें आढळल्यावरून इंग्लंडनें १८८७ साली नव्हे, तर अगदीं अलीकडे, १९८७ मध्यें, लहान शिशाच्या वजनांस बंदी घातली. पावसाळ्यांत मासे अंडीं घालतात, तेव्हां काठी माळ्यावर राहील. पिलांचा थवा राखीत असलेल्या मरळीस त्रास द्यावयाचा नाहीं; तिला हुसकलें तर तीं पिलें इतरांच्या तोंडीं जातात. पुष्कळ तलावांतील मासेमारीचा हक्क मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. त्यांना विचारल्यावांचून दोरी टाकावयाची नाहीं. आपला जो खेळ, ती त्यांची भाकरी आहे.

मातोश्रींनीं सर्व अटी शांतपणें ऐकिल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे लागेल कमी. लागणार नाहीं असें कांहीं नाहीं.” यावर पंचाजवळ उत्तर नव्हतें. गळ कितीही सौम्य केला तरी तो गळच. सोडलेला प्रत्येक मासा वांचतोच, असेंही नाहीं.

त्यानंतरच्या रविवारीं चिरंजीव नाचणीचे गोळे घेऊन नदीवर गेले. बारक्या मासोळ्यांनीं ते टोंचून टोंचून फस्त केले. मोठा मासा एकही आला नाहीं. दिवसभर पाण्याकडे पाहत बसल्यामुळें खंड्या किती वेळां नेम चुकतो हें मात्र त्यानें मोजिलें, आणि रात्रीं जेवतांना आजीला तेंच सांगितलें.

पुढें दिवाळीच्या सुटींत आम्ही सर्व मंडळी महाडजवळील वाळणकोंडीस गेलों. काळ नदीच्या त्या डोहांतील महसीर वरदायिनी देवीचे म्हणून कोणी धरीत नाहीं. वाड्याजवळील तिळसे येथेंही वैतरणेच्या डोहांतील मासे असेच देवाचे मानलेले आहेत. मातोश्रींनीं पदरांतील चुरमुरे पाण्यावर टाकले. क्षणांत खालून सोनेरी-काळपट पाठी वर आल्या. एकेक हातभर लांबीची. पुतण्या कठड्याशीं वांकून पाहत होता. इतके मोठे महसीर त्यानें जन्मांत पाहिले नव्हते.

“यालाही आमिषच म्हणायचें ना, काका?” त्यानें विचारलें.

मीं होय म्हटलें. मातोश्रींनीं उरलेले चुरमुरे त्याच्या ओंजळींत दिले.