बियाणेच खाल्ले, तर पेराल काय?



मृग बरसला, नाल्याला पहिला गढूळ लोंढा आला, की आपल्या सावंगी (मेघे) च्या आसपासच्या गावांत दोन कामांची एकच घाई उडते. एक, पऱ्हाटीच्या पेरणीची. दुसरी, टोपले, जुने धोतर, फाटकी मच्छरदाणी, हाती येईल ते घेऊन नाल्याकडे धावण्याची. पहिल्या पुराला मासे वर चढतात, हे पोराटोरांनाही ठाऊक असते. त्या दिवशी घरोघरी रस्सा शिजतो. मीही लहानपणी असा धावलो आहे आणि घरी शाबासकी मिळवली आहे. म्हणून आज जे लिहितो आहे ते उपदेश म्हणून वाचू नका, चूक कबूल करणाऱ्याचे बोलणे म्हणून वाचा.

हा मासा वर का चढतो, याचा विचार आपण कधी केला आहे काय? उन्हाळाभर तो डोहात दडून राहिलेला असतो. रोहू, मृगळ यांसारखे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना वाहते, नवे, गढूळ पाणी लागते. जून ते ऑगस्ट हा त्यांचा हंगाम. पूर आला की नर-मादी डोह सोडून काठालगतच्या उथळ पाण्यात येतात आणि तिथे अंडी सोडतात. एका चांगल्या भरलेल्या मादीच्या पोटात लाखांनी अंडी असतात. पाणी ऊबदार असले तर पंधरा-वीस तासांत पिल्ले बाहेर पडतात. म्हणजे पहिल्या पुरात आपण टोपल्यात घेतो तो नुसता मासा नसतो. ते पुढच्या सालचे बियाणे असते.

धामच्या काठी जाळे टाकणाऱ्या एका वृद्ध ढीवर बाबांनी मला हे एका वाक्यात सांगितले. मी विचारले, "बाबा, या पुरात जाळे का नाही टाकले?" ते म्हणाले, "साहेब, नदी आमचं वावर हाय. बियानंच खाऊन टाकलं, त मंग पेरसान काय?" मी कृषी शाखेचा पदवीधर. बियाणे राखून ठेवा, हे गावोगाव सांगत फिरणारा. पण नदीलाही बियाणे असते, हे मला त्यांच्याकडून शिकावे लागले.

मरळ माशाचे तर आणखी वेगळे. मरळीची पिल्ले तांबूस रंगाची असतात, आणि त्यांचा पुंजका पाण्याच्या वरच्या थरात फिरतो. त्यांच्या खाली आई-बाप राखण करीत असतात. तो पुंजका दिसला की हुशार माणूस तिथेच गळ किंवा भाला टाकतो, कारण राखणदार पळून जात नाही. मरळ हाती लागते खरी, पण राखणदार गेला की ती पोरकी पिल्ले दुसऱ्या माशांच्या पोटात जातात. जनावर विण्याच्या बेताला आले तर आपण त्याला औताला जुंपत नाही. मग हाच न्याय मासोळीला का नको?

हे झाले वेळेचे. आता रीतीचे. गळ, फेकजाळे, बांबूचा सापळा या जुन्या रीती आहेत. त्यांत माणसाला कष्ट पडतात आणि माशाला निसटायला वाट राहते. पण अलीकडे तीन वाईट रीती शिरल्या आहेत: विष, विजेचा प्रवाह आणि सुरुंग.

विषाबद्दल मला अधिक बोलले पाहिजे, कारण त्यात माझाही वाटा आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी पऱ्हाटीवरच्या औषधांचे प्रमाण तोंडपाठ सांगत असे. पण फवाऱ्याचा पंप नाल्यात धुऊ नका, उरलेले औषध पाण्यात ओतू नका, हे सांगायचे राहून जाई. ज्या औषधांनी बोंडअळी मरते त्यांतली कित्येक माशांना फारच जहाल असतात. काही लोकांनी हे हेरले आणि डोहात मुद्दाम औषध ओतू लागले. मोठे मासे वर तरंगतात, तेवढे वेचले जातात. पिल्ले, झिंगे, बेडूक, पाणकिडे सारे मरते. त्याच पाण्यावर गावची गुरे येतात, बाया धुणे धुतात. आणि तो मासा कोणाच्या तरी ताटात जातो. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. अंगावर उडालेले औषध जीव घेते, तर रश्शातले सोडील काय?

विजेचे तसेच. पंपाच्या तारेवर आकडा टाकून प्रवाह पाण्यात सोडतात. त्यात लहान-मोठा, अंड्यावरचा, पिल्लू, असा भेद राहत नाही. आणि पाण्यात उभा असलेला आपलाच पोरगाही वीज ओळखत नाही. सुरुंगाने फुटलेले कित्येक मासे तर तळाशी जाऊन नुसते सडतात, कोणाच्याच कामी येत नाहीत.

कायदा नाही असे नाही. इंग्रजी अमलात, १८९७ सालीच, विष आणि सुरुंग यांनी मासे मारण्यास बंदी करणारा कायदा झाला. त्यात दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड होता. महाराष्ट्राने पुढे १९६० चा आपला मत्स्यव्यवसाय कायदा केला. आकडा टाकणे ही तर वीजचोरी, तिला २००३ च्या विद्युत कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण डोहावर रात्री शिपाई उभा राहत नाही. आणि विष ओतणारा बहुधा आपल्याच आळीतला असतो, कोणाचा पुतण्या, कोणाचा मेहुणा. म्हणून सारे गाव पाहते आणि गप्प बसते.

हा प्रश्न आपल्याच मुलखातला नाही. थंड देशांत साल्मन नावाचा मासा आहे. तो नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा जन्मगावच्या नदीत चढतो. वाटेत बांध घालून त्याला अडवणे सोपे. इंग्लंडमध्ये १२१५ सालच्या मॅग्ना कार्टा या प्रसिद्ध सनदेत नद्यांमधले मासे अडवणारे बांध काढून टाकावेत असे एक कलम होते. स्कॉटलंडमध्ये आजही रविवारी साल्मन धरायला मनाई आहे. आठवड्यातून एक दिवस तरी माशाला वाट मोकळी.

आपल्याकडेही उदाहरण आहे. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड नावाचा डोह आहे. तिथले महसीर जातीचे मासे वरदायिनी देवीचे म्हणून कोणी धरत नाही. हा मासाही अंडी घालायला प्रवाहाच्या वरच्या अंगाला जाणारा. तिथे शिपाई नाही, पाटी नाही, गावाचा शब्द आहे.

मग आपण काय करावे? ग्रामसभेत एक साधा ठराव करा. मृगापासून नारळी पौर्णिमेपर्यंत नाल्याच्या तोंडाशी आडवे जाळे लावायचे नाही. गावाजवळचा एक डोह वर्षभर राखायचा. मच्छरदाणी पाण्यात घालायची नाही. पंप नाल्यापासून दूर, पडीक जागी धुवायचा. तुमच्या ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असेल, ती कागदावरून खाली उतरवा. विष किंवा वीज दिसली तर पोलीस पाटलांना आणि जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा. ठराव करताना ढीवर-भोई बांधवांना पुढे बसवा, मागे नाही. दोन महिने हात आवरल्याने सर्वांत जास्त ओढ त्यांच्याच चुलीला बसते. त्या काळात त्यांच्या हाताला काम कसे मिळेल, हेही त्याच सभेत ठरवा. नाही तर तो ठराव पोटभरल्याचा उपदेश ठरेल.

आता कोणी म्हणेल, तळ्यासाठी बोटुकली विकत मिळते, मग नदीची काळजी कशाला? खरे आहे. १९५७ साली ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले, तेव्हापासून बीज तयार करता येते. म्हणून तर १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यपालक दिन. पण विकतचे बीज शेततळ्यात सोडता येते. मेलेल्या डोहात सोडून काय उपयोग?

गळ टाकून बसलेल्या पोराला कोणी ओरडू नका. त्याला एवढेच शिकवा, की अंड्यावरची मादी लागली तर हळूच सोडून दे. ती त्याच्याच पुढच्या वर्षाच्या ताटातली आहे.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी, सावंगी (मेघे)