जुना ट्रेलर पाहताना आधी छपरावर चढा

अमेरिकेत घरतपासणीचा व्यवसाय करणाऱ्या आपल्या वाचकांकडे मधूनच एक वेगळं काम येतं: जुना ट्रॅव्हल ट्रेलर पाहून द्या, त्यात राहायला जायचंय. हा ग्राहक बहुधा हौशी प्रवासी नसतो. त्याला भाडं झेपेनासं झालेलं असतं, हाती थोडकी पुंजी असते आणि व्यवहार फसला तर दुसरा ट्रेलर घ्यायची ऐपत नसते. म्हणून हे काम किरकोळ समजून उरकू नये, असं आम्हाला कळकळीने वाटतं.

ग्राहकाचा पहिला प्रश्न हमखास मॉडेलच्या सालाचा. साल महत्त्वाचं खरं, पण पाण्याच्या नंतर. साध्या ट्रेलरची भिंत म्हणजे बारीक लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, बाहेरून पातळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणि आतून प्लायचं पॅनेल. छपरावरच्या व्हेंटभोवतीचं सीलंट उन्हाने तडकलं की पाणी झिरपू लागतं, आणि आत डाग दिसेपर्यंत मागचं लाकूड कुजून गेलेलं असतं. तेव्हा आधी शिडी लावा. प्रत्येक व्हेंट, प्रत्येक कडपट्टी बोटाने दाबून पाहा. मग आत येऊन पलंगाखालचे कप्पे उघडा, ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा आणि त्या पोकळीत नाक घालून वास घ्या. दाराशी, संडासाशी आणि पुढच्या खिडकीखालच्या कोपऱ्यात टाचेवर भार देऊन उभे राहा. तिथे जमीन दबली तर वरचं आच्छादन बदलून भागत नाही. भिंत गुळगुळीत फायबरग्लासची असेल तर बाजूने विजेरीचा झोत टाका; फुगवटा दिसला म्हणजे आतले थर सुटलेत, आणि स्वस्त ट्रेलरवर त्यांच्या दुरुस्तीचा खर्च करण्यात अर्थ नाही. नुकताच पांढरा रंग मारून विकायला काढलेल्या ट्रेलरकडे तर दुप्पट संशयाने पाहावं.

सांधे कमी तितकी गळती कमी. विनिपेगमध्ये 1968 साली जन्मलेला बोलर किंवा मिनेसोटातला स्कॅम्प हे साच्यात घडवलेले दोन अर्धे भाग जोडून बनवलेले असतात, म्हणून ते दीर्घकाळ टिकतात. एकट्या माणसाला आम्ही तेच सुचवू, जागा कमी आणि किंमत जास्त असली तरी.

टायरच्या नक्षीवर विसंबू नका. बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: 2319 म्हणजे 2019चा 23वा आठवडा. गॅसच्या लाइनची दाबचाचणी आणि मालकीचं टायटल यांना पर्याय नाही.

मात्र ट्रेलर धड असला तरी तो राहण्याजोगा असेलच असं नाही. कारखान्यात बनणाऱ्या घरांना 1976पासून लागू असलेले संघराज्याचे नियम ट्रॅव्हल ट्रेलरला लागू नाहीत. तो तात्पुरत्या मुक्कामासाठीच बनतो. 2005च्या कॅटरिना वादळानंतर बेघरांना दिलेल्या ट्रेलरमध्ये फॉर्माल्डिहाइडचं प्रमाण जास्त असल्याचं सीडीसीने 2008 साली जाहीर केलं. तेच ट्रेलर पुढे ‘राहण्यासाठी वापरू नये’ अशी चिठ्ठी लावून लिलावात निघाले, आणि 2010मध्ये मेक्सिकोच्या आखातात सांडलेलं तेल साफ करणारे कामगार त्यांत राहताना आढळले. त्या काळातला ट्रेलर समोर आला तर तो कुठून आला, हे विचारायलाच हवं. थंडीत दोन माणसांच्या श्वासाने आणि गॅसच्या शेगडीच्या वाफेने भिंती आतून ओल्या होतात. 30 अँपिअरच्या जोडणीवर एकूण 3600 वॉट मिळतात. 1500 वॉटचे दोन हीटर लावले की जवळपास संपले. शिवाय दहा वर्षांहून जुने ट्रेलर अनेक आरव्ही पार्क घेत नाहीत. म्हणून ट्रेलरचा सौदा करण्याआधी तो उभा करायची जागा पक्की करायला ग्राहकाला सांगा.

अशा ग्राहकाकडून फी निम्मी घेतलीत तरी चालेल. पण अहवालात छपराचे फोटो, भिंतींच्या ओलाव्याची मापं आणि ‘घ्या’ किंवा ‘सोडून द्या’ असा स्पष्ट निर्णय असलाच पाहिजे.