परदेशी रानफूल परसबागेत लावावे काय?

भूमध्य समुद्राच्या काठी, ग्रीसपासून मोरोक्कोपर्यंत, वसंत ऋतूत पडीक जमिनी व रस्त्यांच्या कडा एका पिवळ्या फुलाने भरून जातात. शेवंतीच्या कुळातील ही एकवर्षायू वनस्पती होय. लिनियसने १७५३ मध्ये तिला 'क्रिसॅन्थेमम कोरोनारियम' हे नाव दिले. आता तिला 'ग्लेबिओनिस कोरोनारिया' म्हणतात. जपानात तिला 'शुंगिकु', म्हणजे वसंतातील शेवंती, असे नाव असून कोवळ्या पाल्याच्या भाजीसाठी तिची लागवड होते.

हे फूल आपण लावावे काय? आमच्या मते लावावे, परंतु कुंपणाच्या आत. तिच्या मायदेशी पाऊस हिवाळ्यात पडतो व उन्हाळा कोरडा जातो. म्हणून आपल्याकडे तिला हिवाळी फूल समजावे. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, भरपूर ऊन व चांगला निचरा असलेल्या वाफ्यात बी पेरून वर मातीचा पातळ थर द्यावा. रोपे दाट झाल्यास विरळणी करावी. उपटलेल्या रोपांची भाजी होते. फुले आल्यावर मात्र पाला कडवट लागतो.

आता सावधगिरीविषयी. घाणेरी शोभेचे झुडूप म्हणून भारतात आली आणि रानेच्या राने व्यापून बसली. अनवधानाने आलेल्या गाजरगवताकडे पुण्यास १९५५ मध्ये प्रथम लक्ष गेले. आज ते कोणत्या बांधावर नाही? ही पिवळी शेवंतीही कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टीत बागेबाहेर पडून तण झाली आहे. आपल्या कोरडवाहू रानात तिला वाव कमी. पण ओलिताच्या रब्बी शेतात तिला हवा तो हिवाळी ओलावा आयताच मिळू शकेल.

सुदैवाने तिच्या बियांना गाजरगवतासारखा मोकाट प्रसार साधत नाही, असे समजून निश्चिंत राहू नये. बियांना वाऱ्यावर उडणारे केस नसतात हे खरे. त्या झाडाखालीच पडतात. परंतु माती, शेणखत व पाटाचे पाणी यांबरोबर त्या दूर जातात. म्हणून पाकळ्या गळताच बोंडे खुडावीत, बियाण्यापुरती एक-दोनच झाडे राखावीत, बी धरलेली झाडे खतखड्ड्यात टाकू नयेत आणि बांधावर किंवा पाटाच्या कडेला हे फूल मुळीच लावू नये.

फूल एकाच्या अंगणात फुलते. त्याचे तण झाल्यास खुरपणीची मजुरी मात्र शेजाऱ्याला भरावी लागते. ग्रामकार्यकर्त्यांनी बियांच्या पुडीबरोबर ही जाणीवही घरोघरी पोचवावी.